एंजिनाचा जोर आणि पंख्याची निवड

मुंबईहून मांडव्यास वेगवान होडीनें वरचेवर जाणाऱ्या एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्रद्वारें एक प्रश्न विचारला आहे. एकाच धक्क्यावरून सुटणाऱ्या दोन होड्यांपैकीं जिला अधिक अश्वशक्तीचें एंजिन आहे तीच मागें कां पडते, आणि होडीवाल्यास त्याचें कारण पुसलें असतां एंजिनाचें नांवही न काढतां, "ताई, पंखा बरोबर नाही," एवढेंच तो कां सांगतो, अशी त्यांची पृच्छा आहे. मोटारींच्या जाहिराती वाचून वाचून आपल्या सर्वांचाच असा ग्रह होऊन बसला आहे कीं, अश्वशक्तीचा आंकडा मोठा म्हणजे वेगही मोठा. रस्त्यावर हा ग्रह बऱ्याच अंशीं खपून जातो. पाण्यावर तो फार वेळ टिकत नाहीं. होडीवाल्याचें उत्तर त्रोटक असलें तरी शास्त्रास धरून आहे, आणि त्यामागील विचार वाचकांपुढें सविस्तर मांडावा म्हणून या महिन्यांतील आमचें हें सदर आम्ही त्यासच दिलें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १९३२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील गार वुड यांनीं 'मिस अमेरिका टेन' ही आपली नौका सेंट क्लेअर नदीवर ताशीं १२४.८६ मैल, म्हणजे सुमारें २०१ किलोमीटर, वेगानें पळवून जलवेगाचा नवा उच्चांक स्थापन केला. या नौकेंत पॅकार्ड बनावटीचीं चार एंजिनें होतीं आणि त्यांचें एकत्रित बळ ६,४०० अश्वशक्तीच्या घरांत होतें. पुढें सात वर्षांनीं, १९ ऑगस्ट १९३९ रोजीं, सर माल्कम कॅम्बेल यांनीं इंग्लंडांतील कॉनिस्टन सरोवरावर आपल्या 'ब्लू बर्ड'मधून ताशीं १४१.७४ मैलांचा वेग गांठला. त्यांच्या नौकेंत रोल्स-रॉईसचें एकच एंजिन होतें. त्याची शक्ति दोन हजारांच्या थोडी वर. नंतर २६ जून १९५० रोजीं सिअॅटल शहरानजीक वॉशिंग्टन सरोवरावर स्टॅन्ली सेअर्स यांची 'स्लो-मो-शन फोर' ही नौका ताशीं १६०.३२ मैल वेगानें गेली. हिच्या पोटांत युद्धकाळच्या लढाऊ विमानांत वापरलें जाणारें एक अॅलिसन एंजिन होतें, आणि त्याची शक्ति दीड हजारांच्या आसपास होती. म्हणजे अठरा वर्षांत अश्वशक्ति चौथाईवर आली आणि वेग मात्र ३५ मैलांनीं वाढला! होडीच्या तळाचा आकार या काळांत बदलला, वजन घटलें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु शेवटच्या उडीचें मोठें श्रेय पाण्यांत फिरणाऱ्या त्या हातभर पंख्याकडे आणि त्यास साजेशा एंजिनाच्या जुळणीकडे जातें. तें कसें, हें समजण्यासाठीं पंखा करतो तरी काय हें आधीं पाहिलें पाहिजे.

लांकडांत मळसूत्री खिळा पिळला असतां प्रत्येक फेऱ्यागणिक तो ठराविक अंतर आंत जातो. होडीचा पंखा हें पाण्यांत पिळलें जाणारें मळसूत्रच होय. त्याच्या पात्यांस जो पीळ दिलेला असतो त्यावरून एका फेऱ्यांत तो किती पुढें सरकेल हें ठरतें, आणि त्या अंतरास कारागीर 'पिच' म्हणतात. पंख्याच्या मध्यभागीं कोरलेल्या दोन आंकड्यांपैकीं पहिला व्यासाचा व दुसरा या पिचचा असतो. पाणी लांकडासारखें घट्ट नसल्यामुळें पंखा प्रत्यक्षांत तितका पुढें जात नाहीं, थोडा घसरतो. ही घसर किती, हें घरांतील सातवी-आठवींतल्या मुलासही काढतां येईल. समजा, एंजिन मिनिटास ५,६०० फेरे घेत आहे आणि दंतचक्रांच्या योगें पंख्यास ते पावणेदोनांनीं भागून, म्हणजे ३,२०० फेरे, मिळत आहेत. पंख्याचा पिच २१ इंच आहे. तर तासाभरांत त्यानें सुमारें १०२ किलोमीटर कापावयास हवें. होडीवरील उपग्रह-यंत्र प्रत्यक्ष वेग ९० किलोमीटर दाखवीत असेल, तर घसर शेंकडा बारा झाली. वेगवान हलक्या होडीस दहा ते पंधरा टक्के घसर चालते. त्याहून पुष्कळ अधिक दिसूं लागली कीं पंखा पाण्यास धरीत नाहीं असें समजावें. उलट, घसर मुळींच नाहीं असें उत्तर आलें, तर वेगमापक यंत्र खोटें बोलत आहे किंवा पंख्यावर कोरलेला पिच खरा उरलेला नाहीं, कारण ज्या पंख्यास घसर नाहीं तो पंखा होडीस पुढें ढकलूंच शकत नाहीं.

आतां खरा कळीचा मुद्दा. एंजिनाची शक्ति आणि पंख्याची भूक यांचा वाढण्याचा क्रम अगदीं निराळा आहे. फेरे जसे वाढतात तशी एंजिनाची शक्ति बेताबेतानें वाढते, एका शिखरास पोंचते आणि मग उतरूं लागते. पंख्याची भूक मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढत जाते. फेरे दहा टक्के वाढविले तर पंख्यास तेहतीस टक्के अधिक शक्ति लागते. दुप्पट केले तर आठपट! थ्रॉटल पूर्ण उघडलें असतां या दोन रेषा एकाच बिंदूंत एकमेकींस छेदतात, आणि होडी तेथेंच स्थिरावते. हा बिंदु एंजिनाच्या शिखरापाशीं पाडणें हीच पंख्याची निवड. पिच कमी असला तर एंजिन आपल्या मर्यादेपलीकडे भन्नाट फिरतें, आवाज फार, गति थोडी. पिच अधिक असला तर एंजिन शिखरापर्यंत चढूंच शकत नाहीं. पूर्ण थ्रॉटल देऊनही तें खालच्याच फेऱ्यांवर कुंथत राहतें. अधिक अश्वशक्तीची होडी मागें पडण्याचें बहुतेक वेळां हेंच कारण असतें. मालक नवें मोठें एंजिन बसवितो आणि जुन्याच पंख्यावर तें चालवितो, किंवा एखाद्या ऐटबाज मित्राच्या होडीवरील मोठ्या पिचचा पंखा आणून लावतो.

या दोन दोषांपैकीं दुसरा अधिक घातक आहे, ही गोष्ट नवशिक्यांस उलटी वाटते. फार फिरणाऱ्या एंजिनास आवरण्याची सोय हल्लीं एंजिनांतच असते. पण अतिभाराखालीं कुंथणारें एंजिन निमूटपणें तापत जातें. तें चढावर वरच्या गिअरांत रेटलेल्या मोटारीसारखें असतें. आणि मोटारीस निदान पुढें उतार तरी भेटतो. पाण्यावर उतार नाहीं. होडीचें एंजिन सुटल्यापासून पोंचेपर्यंत घाटच चढत असतें म्हणाना!

म्हणून पंखा निवडण्याची रीत अशी आहे. एंजिन बनविणारे पूर्ण थ्रॉटलवर फेरे किती असावेत याची मर्यादा छापून देतात. बाहेर लटकविण्याच्या पुष्कळशा एंजिनांच्या बाबतींत ती ५,००० ते ६,००० अशी असते. होडींत नेहमींइतकीं माणसें, नेहमींइतकें इंधन व सामान भरावें, पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे पाहावेत. ते मर्यादेच्या वरच्या भागांत पडले पाहिजेत. कमी पडत असतील तर पिच उतरवावा, अधिक होत असतील तर चढवावा. एका इंचानें साधारण दीडशें ते दोनशें फेऱ्यांचा फरक पडतो. रिकाम्या होडींत एकट्यानें चांचणी घेऊन पंखा ठरविणारा मनुष्य पुढें कुटुंबासह सहलीस निघतो तेव्हां त्याची होडी कुंथूं लागते, आणि मग दोष एंजिनवाल्यास दिला जातो.

व्यास, पात्यांची संख्या व रुंदी यांचा विचार यापुढचा. तीन पात्यांचा पंखा सरळ वेगास चांगला. चौथें पातें घातलें असतां वेग थोडा घटतो, पण होडी लवकर पाण्यावर उठते व वळणावर पंखा पाणी सोडीत नाहीं. कोकणांतील मच्छीमारांच्या बोटी पाहिल्यास त्यांचा पंखा मोठ्या व्यासाचा, रुंद पात्यांचा आणि संथ फिरणारा आढळेल. भरलेलें जाळें ओढण्यास तोच योग्य; त्याची आणि शर्यतीच्या पंख्याची तुलना करूं नये.

आतां एंजिनाकडे वळूं. शर्यतीचें एंजिन 'लावणें' म्हणजे त्यांतून शक्य तितकी शक्ति काढणें, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः जी शक्ति पंख्यास हवी ती त्याला हव्या त्या फेऱ्यांवर काढणें हें त्याचें खरें स्वरूप होय. झडपा उघडण्या-मिटण्याचा काळ लांबविला तर वरच्या फेऱ्यांवर शक्ति वाढते, पण खालच्या फेऱ्यांवरील जोर नाहींसा होतो. होडीस प्रारंभीं आपणच उठविलेल्या लाटेचा एक चढ चढून पाण्याच्या पृष्ठावर यावें लागतें. खालचा जोर गेलेलें एंजिन आणि मोठ्या पिचचा पंखा अशी जोडी जमली कीं होडी त्या चढापाशींच अडकून बसते. शंभर किलोमीटर वेगाची तयारी केलेली नौका तीस किलोमीटरांवर नाक वर करून पाणी घुसळीत राहते. आम्हांस वाटतें, एंजिन लावणारा आणि पंखा निवडणारा ही दोन वेगळीं माणसें असूं नयेत; असलींच तर त्यांनीं एकाच टेबलाशीं बसावें.

मिश्रण आणि ठिणगी या दोन गोष्टी सर्वांत नाजूक. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते; परंतु पूर्ण शक्तीसाठीं मिश्रण याहून थोडें दाट, तेरा भागांच्या जरा खालीं, ठेवतात. जास्तीचें पेट्रोल जळण्यासाठीं नसून आंतील उष्णता शोषण्यासाठीं असतें. कंजूषपणा करून मिश्रण पातळ केलें तर तापमान चढतें. ठिणगीचें असेंच आहे. ज्वाला पसरण्यास वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते, आणि फेरे जसे वाढतील तशी ती अधिक लवकर. पण ती अति लवकर पडली, कीं उरलेलें मिश्रण ज्वाला पोंचण्याआधींच दाबानें व उष्णतेनें आपोआप स्फोट पावतें. मोटारींत हा ठोका कानीं येतो. होडींत पाण्याचा, वाऱ्याचा आणि धुराड्याचा आवाज एवढा असतो कीं तो ऐकूंच येत नाहीं. दट्ट्यास भोंक पडल्यावरच त्याची वार्ता लागते. अतिभाराचा पंखा, पातळ मिश्रण व पुढें ओढलेली ठिणगी हीं तिन्ही एकत्र आलीं तर एंजिनाचें आयुष्य मिनिटांत मोजावें. आधुनिक एंजिनांत ठोका ओळखून ठिणगी मागें घेणारा संगणक असतो ही चांगली सोय आहे. मात्र अधिक शक्तीच्या लोभानें पहिल्यानें बदलला जातो तो हाच संगणकाचा हिशेब.

हवेचाही विचार केला पाहिजे. पंधरा अंशांच्या थंड हवेपेक्षां पस्तीस अंशांची हवा सहा-सात टक्के विरळ असते. त्यांत मे महिन्यांतील आपल्या किनाऱ्यावरील दमटपणा मिळविला कीं एंजिनास मिळणारी कोरडी हवा दहांशाइतकी कमी होते, आणि शक्तीही जवळजवळ त्याच मानानें उतरते. थंड देशांत चांचणी घेऊन ठरविलेला पंखा आपल्याकडे एका इंचानें जड ठरतो तो यामुळें. हा दोष पंख्याचा नाहीं, एंजिनाचाही नाहीं, ऋतूचा आहे.

परंतु एंजिन उत्तम, जुळणी हिशेबांत बरोबर, आणि तरीही वेग नाहीं, असाही प्रसंग येतो. या प्रसंगाची सर्वांत बोधप्रद कथा शर्यतीच्या होड्यांहून जुनी आहे. १८९४ सालीं इंग्लंडांत चार्ल्स पार्सन्स यांनीं आपल्या नव्या बाष्प-टर्बाइनाची योग्यता सिद्ध करण्यासाठीं 'टर्बिनिया' ही सुमारें शंभर फूट लांब व नऊ फूट रुंद अशी निमुळती नौका बांधली. टर्बाइन अतिशय वेगानें फिरे. परंतु नौका वीस नॉट्सही गांठीना. पंख्यामागून पंखे बदलले, व्यर्थ. दुसरा कोणी असता तर टर्बाइनलाच दोष देऊन मोकळा झाला असता. लोक तर तेंच म्हणावयास टपले होते. पार्सन्स यांनीं टर्बाइन व पंखा यांच्यामध्यें आंसास पडणारा पीळ मोजणारें उपकरण बसविलें आणि पाहिलें तों टर्बाइन आपली शक्ति चोख देत होतें. ती पंख्यापाशीं येऊन वाया जात होती! आमच्या मतें त्यांच्या साऱ्या कर्तृत्वांतील ही कृति अत्यंत अनुकरणीय आहे. दोष कोठें आहे हें त्यांनीं तर्कानें ठरविलें नाहीं, मोजून ठरविलें.

पंख्यापाशीं काय होत होतें? पात्याची मागची बाजू पाण्यास ढकलते, तर पुढची बाजू त्यास ओढते. आणि या ओढीच्या बाजूस दाब उतरतो. हिमालयांतील उंच ठिकाणीं डाळ शिजत नाहीं हें यात्रेस गेलेल्या गृहिणींस ठाऊक आहे. दाब कमी झाला कीं पाणी कमी उष्णतेवर उकळतें म्हणून. दाब वातावरणाच्या पंचविसाव्या हिश्श्यावर आणला तर आपल्या समुद्राचें कोंबट पाणीही तसेंच्या तसें उकळूं लागेल. जलद फिरणाऱ्या पात्यावर हेंच घडतें. पात्याच्या पृष्ठावर वाफेच्या पोकळ्या तयार होतात, आणि पंखा पाण्याऐवजीं या पोकळ्यांत फिरूं लागतो. पोकळ्या पुढें सरकून अधिक दाबाच्या पाण्यांत फुटतात तेव्हां त्यांचा आघात इतका तीव्र असतो कीं कांशाच्या पात्यास देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. याच सुमारास 'डेअरिंग' या इंग्रजी युद्धनौकेवरही हा उपद्रव दिसून आला होता, व पात्यांचें क्षेत्रफळ वाढविल्यानें तिचा वेग सुधारला होता. या प्रकारास 'कॅव्हिटेशन' हें नांव आर. ई. फ्रूड यांनीं सुचविलें. पार्सन्स यांनीं एका लहान बंद टाकींत दोन इंचांचा पंखा फिरवून, पाणी जवळजवळ उकळतें ठेवून आणि थांबून थांबून पडणाऱ्या प्रकाशांत त्याकडे पाहून, या पोकळ्या डोळ्यांनीं पाहिल्या. मग त्यांनीं एका आंसाऐवजीं तीन आंस घातले आणि प्रत्येकावर तीन तीन, असे नऊ पंखे बसवून भार वांटून दिला. २६ जून १८९७ रोजीं महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी आरमारी पाहणीच्या वेळीं 'टर्बिनिया' युद्धनौकांच्या रांगांमधून ३४ नॉट्सच्या वर वेगानें धांवून गेली. तिला अडविण्यास सोडलेल्या नौका मागेंच राहिल्या. सेअर्स यांचा वर सांगितलेला उच्चांकही २६ जूनचाच, बरोबर त्रेपन्न वर्षांनंतरचा. हा योगायोग आहे, पण दोन्ही दिवस पंख्याचे आहेत.

कारण सेअर्स यांच्या नौकेनें याच पोकळीच्या प्रश्नास अगदीं उलट उत्तर दिलें. पार्सन्स यांनीं भार वांटून पोकळी टाळली. सिअॅटलच्या मंडळींनीं ती टाळण्याचा नाद सोडला. टेड जोन्स यांनीं आंखलेली आणि अँकर जेन्सन यांनीं बांधलेली ही नौका पूर्ण वेगांत असतां केवळ तीन ठिकाणीं पाण्यास टेके: पुढील दोन लहान तळव्यांवर, आणि मागें चक्क पंख्यावर! पंख्याचें खालचें अर्ध पाण्यांत व वरचें अर्ध हवेंत. दंतचक्रांनीं त्याचे फेरे एंजिनाच्या तिपटीच्या आसपास वाढविलेले. प्रत्येक पातें हवेंतून येतांना आपल्याबरोबर हवेची पोकळी घेऊनच पाण्यांत शिरे. म्हणून वाफेची पोकळी होण्यास व तिच्या आघातांनीं पातें झिजण्यास अवसरच उरत नसे. शिवाय आंस, त्याचा आधार व पंख्याचें केंद्र हीं सारीं पाण्याबाहेर आल्यामुळें त्यांचा अडथळाही गेला. अशा पंख्याचीं पातीं पुढच्या कडेस सुरीसारखीं धारदार व मागच्या कडेस जाड असतात. पुष्कळदां ती मागची कड किंचित् वळवून तिला ओंजळीसारखा पन्हळ देतात, म्हणजे हवामिश्रित पाणीही निसटत नाहीं. या पन्हळीचा परिणाम पिच वाढविल्यासारखाच होतो, हें विसरतां कामा नये. दोन वर्षांनीं याच नौकेनें आपलाच उच्चांक १७८.४९७ मैलांवर नेला, आणि १९६२ सालीं रॉय ड्युबी यांनीं 'मिस यू. एस. वन' या पंख्याच्याच नौकेनें ताशीं २०० मैलांची मर्यादा ओलांडली. निव्वळ वेगाचे उच्चांक तोंपर्यंत जेट एंजिनांकडे गेले होते. त्यांस पाण्यांत पंखाच नसल्यामुळें तो विषय आम्ही येथें घेत नाहीं.

अर्धा बाहेर फिरणाऱ्या पंख्यानें एक नवें संकट मात्र आणलें. लाटेवरून होडी उडाली कीं पंख्याचा भार क्षणांत नाहींसा होतो आणि एंजिन भरकटतें. पुन्हां पाण्यांत पडतांच तोच भार घणासारखा परत येतो. अशा वेळीं आंस पिळून तुटतात, दंतचक्रांचे दांत जातात, पातें निखळून होडीच्या तळांतून वर येतें. खुल्या समुद्रावरील शर्यतींत म्हणूनच दोन माणसें बसतात; एक सुकाणू धरतो, दुसरा केवळ थ्रॉटल सांभाळतो. प्रत्येक उडीस मिटावयाचें, पडतांच उघडावयाचें, एवढेंच त्याचें काम. आणि शर्यत बहुधा तोच जिंकतो किंवा घालवितो.

राहतां राहिली चांचणी, आणि या विषयांत जीवावर बेतणारी गोष्ट तीच आहे. १३ जून १९३० रोजीं सर हेन्री सीग्रेव्ह विंडरमिअर सरोवरावर 'मिस इंग्लंड टू' घेऊन उतरले. या नौकेंत रोल्स-रॉईसचीं दोन प्रचंड एंजिनें एकच पंखा फिरवीत होतीं. जातांना व येतांना अशा दोन धांवांची सरासरी ९८.७६ मैल भरली आणि उच्चांक झाला. तेवढ्यावर न थांबतां तिसरी धांव काढली गेली, आणि पूर्ण वेगांत नौका उलटली. तरंगत्या ओंडक्यावर ती आदळली असावी असें मानलें जातें. सीग्रेव्ह त्याच दिवशीं वारले. एंजिनांवर लक्ष ठेवण्यासाठीं सोबत असलेले रोल्स-रॉईसचे हॅलिवेल हेही गेले. तिसरे सहकारी विलकॉक्स तेवढे वांचले. तीच नौका वर काढून, दुरुस्त करून, के डॉन यांनीं पुढच्या वर्षीं शंभर मैलांपलीकडे नेली. म्हणजे एंजिनांत व पंख्यांत उणें कांहीं नव्हतें. पाणी मोकळें नव्हतें.

आपल्याकडची गोष्ट तर अगदीं अलीकडची. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईच्या बंदरांत एंजिनाची चांचणी चालू असलेल्या नौदलाच्या एका वेगवान होडीवरील ताबा सुटला आणि गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर ती आदळली. एंजिनांत बिघाड झाल्यानें ताबा सुटला असें नौदलानें सांगितलें. पंधरा माणसें मृत्यु पावलीं, त्यांत सहलीस निघालेलीं कुटुंबें होतीं. चांचणी म्हणजे जेथें कांहींतरी बिघडण्याचा संभव गृहीतच धरावयाचा असतो असा प्रसंग. तो प्रवासी बोटींच्या वाटेवर घडवून आणूं नये हें सांगावयास यंत्रशास्त्र कशास हवें?

ज्यांच्या घरीं अशी होडी आहे, किंवा ज्यांचे चिरंजीव या छंदांत पडले आहेत, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. चांचणीचा पट्टा आधीं संथ गतीनें जाऊन-येऊन पाहावा. ओंडके, जाळ्यांच्या दोऱ्या, तरंगते डबे टिपून घ्यावेत. प्रत्येक धांव दोन्ही दिशांनीं घ्यावी व सरासरी काढावी, म्हणजे वारा व ओहोटी यांचा घोटाळा होत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पंखाही बदलला, एंजिनाची उंचीही बदलली आणि ठिणगीही हलविली, तर वेग कशानें वाढला हें देवासही सांगतां येणार नाहीं. वहींत तारीख, माणसें, इंधन, हवेची उष्णता, फेरे व वेग हें सर्व लिहावें. चालकाच्या जाकिटास अडकवावयाची, तो फेकला गेल्यास एंजिन बंद करणारी दोरी अडकविल्यावांचून किल्ली फिरवूं नये. हिला कंटाळणारे चालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या होडींत आम्ही बसत नाहीं.

पंखा दर मोसमास उतरवून पाहावा. पात्याच्या कडेस नखाएवढी खोंच पडली तरी तेथून पोकळ्यांची माळ सुटते व थरथर सुरू होते. ती तशीच राहूं दिल्यास आंसाचे धारवे जातात. केंद्रामागें गुंडाळलेली मासेमारीची नायलॉनची दोरी तर हमखास सांपडते. ती वितळून तेलाच्या चकतींत रुतते, खारें पाणी दंतचक्रांपर्यंत पोंचतें, आणि पेटींतलें तेल दुधासारखें पांढरें दिसूं लागतें. असें तेल दिसतांच होडी पाण्याबाहेर काढावी.

शिडाच्या होडींविषयीं आलेल्या दोन पत्रांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.